तीन रव्यांच्या आत

आकाराम खोतानं कुस्ती सोडली ती १९८५ साली. खुराक मात्र २००४ सालापर्यंत सोडला नाही. जो काही घोळ झाला तो या मधल्या एकोणीस वर्षांत.

शाहूवाडीकडच्या एका जत्रेत गणपतराव वस्तादांनी मोठ्या विश्वासानं त्याची कुस्ती जोडली होती. समोर आला तो एक काटकुळा पोरगा, भाताच्या खाचरातनं नुकताच पाय धुऊन आल्यासारखा. आकाराम त्याच्याकडं बघून भर मैदानात हसला. दुसऱ्या मिनिटाला तो पाठीवर पडून आभाळाकडं बघत होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. वस्ताद त्याला एका शब्दानं बोलले नाहीत आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तो दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत हजर झाला असता. तो गेला नाही, आणि मग कधीच गेला नाही. शिवाजी पेठेतल्या त्याच्या घरापासून तालीम तीन गल्ल्यांवर. पण एकोणीस वर्षं हा गडी तालमीची गल्ली टाळून, लांबच्या बोळातनं वळसा घालून ये-जा करत राहिला.

दूध मात्र चालू. दिवसभर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथसमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की थेट गंगावेशीचा दूधकट्टा गाठायचा. म्हशीखालचं धारोष्ण दूध दोन लिटर. घरी आल्यावर बदामाची थंडाई, भाकरीवर तुपाची धार, बुधवारी आणि रविवारी मटण. जोर-बैठका काढणाऱ्या माणसाचा हा खुराक. आकाराम फक्त लेथचं हँडल फिरवत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळ कधीच गेला होता, सुंभ तेवढा फुगत चालला होता. आणि हे सगळं का, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. दूध बंद केलं तर आपण पैलवान उरणार नाही, नुसता लेथवाला आकाराम उरेल, अशी त्याला भीती वाटायची.

२००४ च्या उन्हाळ्यात कंपनीत डॉक्टर आले आणि त्यांनी सगळ्या कामगारांना तपासलं. आकारामची साखर वाढलेली निघाली. रक्तदाब वाढलेला. लहानपणापासून काढलेल्या बैठकांनी गुडघ्यांची वाट लागलेली.

“वडील कशानं गेले?” डॉक्टरांनी विचारलं.

“झटक्यानं. गुळव्या हुतं आबा. गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं हुतं ते तितंच बसलं. शेहेचाळीस वर्सं दोन म्हैनं वय हुतं.”

डॉक्टरांनी कागदावरचं आकारामचं वय पुन्हा एकदा वाचलं. त्रेचाळीस. “वजन उतरवा,” ते म्हणाले. “पळायचं नाही, गुडघे बसतील. सायकल चालवा. रोज तासभर, दम लागेल अशी.”

घरी येऊन त्यानं हे शालूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि “तीन वर्सं,” एवढंच म्हणाली. मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

नेमकी त्याच आठवड्यात शशिधरच्या दुकानात ती सायकल आली. शशिधर मूळचा गडहिंग्लजकडचा. पेठेच्या कोपऱ्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं आणि रागावला की तो मराठीतनं कानडीत घसरायचा. सायकल होती शर्यतीची. पांढरी, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर, गियर. आकारामनं ती एका हातानं उचलली आणि त्याला हसू आलं, इतकी हलकी. नवी आठ-नऊ हजारांची वस्तू, शशिधर दोन हजारांना देत होता.

एवढी स्वस्त म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं पेठेचं मत पडलं. चोरीची असंल, एक म्हणाला. मोडून जोडलीया, दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं, ज्याला सायकलही येत नव्हती त्यानं, असल्या सायकलीवर माणसाचा मणका जातो असं ठामपणे सांगितलं. शालूबाईला वेगळीच काळजी.

“त्या काडीवर तुमी बसनार?” ती म्हणाली. “बघनाऱ्याला तुमीच दिसनार, सायकल दिसनारच न्हाय.”

पण आकारामनं ठरवलं होतं. घ्यायची तर हीच. काळी दुधवाल्याची सायकल घेतली तर मी आठ दिवसांत ती भिंतीला लावीन, मला माझं माहीत हाय, असं त्यानं बायकोला सांगितलं. दोन हजार रुपये खिशात घालून तो दुकानात गेला.

“चोरीची न्हाय, मोडकी बी न्हाय,” शशिधर म्हणाला. “बँकेतल्या सायबांची हाय. चार वेळा बसले, पाठ धरली, आता बदली झाली नागपूरला. सायकलीत एक खोट न्हाय.”

“मग दे की.”

“बेडा, पैलवान, बेडा! नको म्हणतोय मी. सायकलीत खोट न्हाय, पर तुमचं वजन किती?”

आकाराम खिशातल्या नोटा चाचपू लागला. एकोणीस वर्षांत त्यानं काट्यावर पाय ठेवला नव्हता.

“ह्या रिंगा बारक्या अंगाच्या मानसाच्या हाईत,” शशिधर म्हणाला. “कोल्हापूरचा पयला खड्डा लागला की चाकाचा आठ हुईल आन् तुमी रस्त्यावर. नव्वद किलोच्या आत या, मग देतो. त्याच्या वर असाल तर दहा हजार दिलं तरी देनार न्हाय.”

भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर हे झालं. आकारामची कानशिलं तापली. त्यानं खिशातल्या नोटांतली शंभराची एक काढून गल्ल्यावर आपटली. “हा इसार. कुनाला इकायची न्हाय. दसऱ्याला येतो, नव्वदच्या आत.” शशिधरनं सायकल छताच्या हुकाला टांगली.

ईर्षेत बोलून तर बसला. आता वजन करणं आलं. त्यांच्या तालमीची जुनी रीत अशी की पैलवानाचं वजन गुळाच्या अडतीत करायचं, मोठ्या टांगत्या काट्यावर, आणि ते किलोत नाही तर रव्यांत सांगायचं. तीस किलोची गुळाची ढेप म्हणजे एक रवा. आकाराम एका पारड्यात बसला. तोलाईदारानं दुसऱ्यात तीन रवे ठेवले. आकाराम हलला नाही. मग अर्धा रवा टाकला, मग सुटी वजनं टाकली, तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

“साडेतीन रवं आनि वर तीन किलो!” तोलाईदार ओरडला आणि हमाल खो-खो हसले. आकाराम समोरच्या रव्यांकडं बघत बसला. त्याच्या बापानं आयुष्यभर असलेच रवे घातले होते. एकशे आठ किलो. उतरवायचे होते अठरा.

दूध बंद झालं. तूप बंद झालं. बंद करण्याचं काम शालूबाईनं इतक्या हौसेनं केलं की तिला सासूचा छळ परत करायला मिळाल्यासारखा आनंद होत असावा. पहिल्या महिन्यात पाच किलो उतरले. दुसऱ्या महिन्यात काही नाही. रंकाळ्याला फेऱ्या मारून बघितल्या तर गुडघे सुजून मडक्याएवढे झाले. नुसतं उपाशी राहून अठरा किलो उतरत नाहीत, हे त्याला कळून चुकलं. अंग हलवायला हवं, पण पाय सोडून. हे शिकवणारा माणूस कोल्हापुरात एकच त्याच्या ओळखीचा होता आणि त्याच्याकडं जायला तीन गल्ल्या ओलांडाव्या लागत होत्या.

एका पहाटे तो नारळ घेऊन तालमीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आत पोरांचे शड्डू वाजत होते. गणपतराव वस्ताद खुर्चीवर बसले होते. अंग वाळलेलं, काठी गुडघ्यांत.

“कोन त्ये?”

“आकाराम. खोतांचा.”

“वाट चुकलास व्हय रं? लई वर्सं लागली घावायला.”

आकारामनं नारळ ठेवला, पाय धरले, आणि डॉक्टर, आबा, सायकल, रवे, सगळं घडाघडा सांगून टाकलं. वस्ताद काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले.

“कुस्ती सोडलीस त्ये मला समजलं,” शेवटी ते म्हणाले. “हारल्यावर मानूस सोडतोय. पर खुराक कशापायी धरून बसलास?”

“दूध प्यालं म्हंजी पैलवान ऱ्हातोय असं वाटायचं, वस्ताद.”

“दूध तर रेडकू बी पितंय.”

आजूबाजूची पोरं हसली. आकारामलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. एकोणीस वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“बैठका काढायच्या न्हाईत, गुडघं गेल्यात तुझं,” वस्ताद म्हणाले. “जोर मार. करेला फिरीव. आन् कुस्तीच्या हौद्यातली माती रोज तू उकरायची, ह्या पोरांच्या आधी.” करेला म्हणजे खांद्याभोवती फिरवायचं जड लाकूड. पहिल्या दिवशी आकारामला तो पाच वेळा फिरवता आला आणि सहाव्या वेळी स्वतःच्याच पाठीत बसला. पण तो दुसऱ्या दिवशी गेला. आणि तिसऱ्याही. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले नि गेले. कंपनीत पाळी बदलली, तेव्हा तो रात्रपाळी करून थेट तालमीत जायचा, माती उकरायचा आणि मग घरी येऊन झोपायचा.

दसऱ्याला तो, शशिधर आणि शालूबाई अडतीत गेले. शालूबाईनं सायकलला ओवाळायला ताट आणलं होतं. आकाराम पारड्यात बसला, समोर तीन रवे. त्याचं पारडं खालीच राहिलं. तोलाईदारानं रव्यांवर एक किलो ठेवला, मग अर्धा. तेव्हा काटा जुळला. दीड किलो जादा.

“दीड किलोनं काय हुतंय?” शशिधर म्हणाला. “म्या सबूद मोकळा केला. चला, सायकल घ्या, आज मुहूर्त हाय.”

“घ्या की वो,” शालूबाई म्हणाली. “मी सगळ्या तयारीनं आलोय.” कोल्हापूरच्या बाईला आलोय म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

आकारामला मोह झाला नाही असं नाही. दुकानात हुकाला टांगलेली ती पांढरी सायकल त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं पारड्यातनं उतरून सदरा घातला.

“शाहूवाडीत बी मी असंच म्हणालो हुतो,” तो म्हणाला. “हेच्यानं काय हुतंय, म्हणून हसलो हुतो. न्हाय. पाडव्याला येतो.”

शालूबाईनं ताट पदराखाली झाकलं आणि वाटभर ती त्याच्यापुढं ताडताड चालली. पण त्या दिवशी जेवणात तिनं श्रीखंड केलं नाही.

दिवाळी पाडव्याला अडतीत नव्या हंगामाचे पहिले सौदे होते. नवे, पिवळेधमक रवे. त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्यातलेच तीन पारड्यात ठेवले. आकाराम दुसऱ्या पारड्यात मांडी घालून बसला. ताज्या गुळाचा वास येत होता, आबांच्या सदऱ्याला यायचा तसा. त्यानं डोळे मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालची फरशी सुटली. पारडं वर गेलं, अगदी हळू, आणि वरच राहिलं.

“तीन रव्यांच्या आत!” तोलाईदारानं आरोळी ठोकली. उन्हाळ्यात हसलेले हमाल आता टाळ्या पिटत होते. आकाराम खाली उतरेना. दोनदा सांगितलं तेव्हा उतरला.

सायकल घेऊन तो पहिल्यांदा रंकाळ्याकडं गेला नाही. लांबचा बोळही त्यानं धरला नाही. तालमीच्या गल्लीतनं गेला आणि दारात उतरला. वस्तादांनी बाहेर येऊन टायर बोटांनी दाबून बघितलं.

“लईच बारीक हाय की रं ही.”

“बारकं बघून आता हसत न्हाय मी, वस्ताद.”

वस्तादांनी त्याच्या पाठीत थाप मारली. एकोणीस वर्षं राहिलेलं बोलणं त्या थापेत उरकलं.

पुढं तीन वर्षं आकारामनं सायकल सोडली नाही. आधी कळंब्यापर्यंत, मग कागलला कामावर, मग रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत. चाकाच्या तारा तुटल्या, शशिधरनं कानडीत शिव्या घालत बसवून दिल्या. साखर आटोक्यात आली. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली.

२००७ सालच्या एका सकाळी त्यानं कामावर सुटी टाकली आणि कारण सांगितलं नाही. उजाडताना निघाला आणि त्या दिवशी प्रथमच पायथ्याशी थांबला नाही. पाय न टेकता पन्हाळा चढला. वर पोचल्यावर तटाशी सायकल टेकवून खूप वेळ बसला. खाली उसाचे फड होते. त्यातल्याच एका फडाशेजारी आबांचं गुऱ्हाळ होतं.

घरी आला तेव्हा शालूबाई उंबऱ्यात उभी होती. हातात दुधाचा तांब्या. तीन वर्षांत तिनं त्याला पेलाभर दूध दिलं नव्हतं.

“ह्ये काय?” त्यानं विचारलं. “आज काय हाय?”

“शेहेचाळीस वर्सं, दोन म्हैनं आन् एक दीस,” ती म्हणाली. “आबांच्या फुडं गेलासा तुमी आज. तुमाला काय वाटलं, तुमी एकलंच मोजत हुता? मी बी मोजतच हुतो की.”

आकारामनं सायकल भिंतीला टेकवली, उंबऱ्यावर बसला आणि तांब्या तोंडाला लावला. निम्मं दूध प्याला. उरलेलं त्यानं तिच्यापुढं धरलं, आणि ती तिथंच त्याच्या शेजारी बसून प्याली.