बाईंच्या कंबरेवरचा डाग

तापाच्या नवव्या दिवशी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरने बाईंच्या अंगावरची चादर बाजूला केली. जेमतेम तिशीची मुलगी होती. तिने कंबरेजवळचा परकर जरा खाली सरकवला, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय आहे?"

"बिब्बा," मी म्हटलं. "आमच्याकडं कंबर धरली की लावतात. सुई तापवून बिब्ब्याचं तेल."

"लावताना तुम्ही पाहिलंत?"

तिने खपलीभोवतीची लाली बोटाने दाखवली. "हा बिब्बा नाही. स्क्रब टायफस आहे. फार उशीर केलात."

स्क्रब टायफस म्हणजे काय ते मला आता पाठ आहे. झुडपात, वाढलेल्या गवतात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. तो चावतो तेव्हा कळतही नाही. दुखत नाही, खाजत नाही. चावल्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. तिला डॉक्टर एस्कार म्हणतात. खपली बहुतेक वेळा झाकल्या जागी असते. काखेत, कंबरेला, जांघेत, छातीखाली. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, डोकं फुटायला येतं. वेळेवर कळलं तर डॉक्सीसायक्लिन नावाच्या साध्या गोळ्यांनी माणूस बरं होतं. उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडन्या धरते.

बाई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या सेविका, सुमनबाई. मी मदतनीस. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून आत आमचा पाडा आहे. तिथे अकरा वर्षं मी खिचडी शिजवली आणि त्यांनी पोरं सांभाळली. त्यांच्या मागे-पुढे कोणी नव्हतं. नवरा केव्हाच गेलेला, माहेर तिकडे शहापुराजवळ सापगावला. म्हणून दवाखान्यात मी होते. मोठं मन म्हणून नव्हे, दुसरं कोणी पुढे आलं नाही म्हणून.

बाईंची एक खोड होती. अंगणवाडीत आलेल्या प्रत्येक पोराला त्या एक झाड द्यायच्या आणि हजेरी झाडांच्या नावाने घ्यायच्या. "ऐन?" "हाय!" "कुडा?" "हाय!" "धामण?" रजिस्टरात खरी नावं भरायचं काम माझ्या गळ्यात. मी चिडायचे. त्या हसून म्हणायच्या, "कल्पना गो, नाव काय, आईबापानं दिलेलं हायेच. झाडाची वळख कोण करून देल?" ही रीत मी कामाला लागायच्या कितीतरी आधीची; आज पाड्यावर दोन पोरांचे बाप झालेले लोक आहेत, त्यांना अजून हेद आणि मोह म्हणूनच हाक मारतात.

गणपती गेल्यावर माळावर तेरडा फुलला होता. बाई पोरांना घेऊन गेल्या. पोरं दगडावर बसली आणि ह्या स्वतः गवतात फतकल मारून बसल्या, पोरांच्या उंचीला यावं म्हणून. मी लांब उभी राहून ओरडत होते की खिचडी गार होते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ताप आला.

पहिले दोन दिवस त्यांनी तापातच हजेरी घेतली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जीपमध्ये घालून मुरबाडला एका खाजगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, पण विसरलेलीही नाही. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "व्हायरल आहे. अंगावर कुठे पुरळ, जखम?"

बाईंना ग्लानी होती. उत्तर मी दिलं. "नाय. नुसता कंबरेला बिब्बा लावलाय."

आदल्या दिवशी अंग पुसताना मला तो डाग दिसला होता. दरवर्षी लावणी झाली की बाईंची कंबर धरायची आणि दरवर्षी तिथेच त्या बिब्बा लावायच्या. मी कशाला विचारू? डॉक्टरांनी मान डोलावली. खुर्ची सोडून उठले नाहीत. सलाइन लावलं.

सहाव्या दिवशी पुन्हा तेच. बाहेरच्या बाकावर बसून मी भिंतीवरची मधुमेहाची सूचना इतक्या वेळा वाचली की आजही तोंडपाठ म्हणून दाखवीन. आठव्या दिवशी त्यांना धाप लागली. तेव्हा कुठे ते डॉक्टर उठले आणि म्हणाले, "मोठ्या ठिकाणी न्या." इतकंच बोलायला त्यांना पाच दिवस लागले.

मोठ्या रुग्णालयात औषध लगेच सुरू झालं. दहाव्या दिवशी लघवी कमी झाली. सापगावहून त्यांचा भाऊ आला. बहिणीच्या कपाळावर हात ठेवायच्या आधी मला म्हणाला, "रानात कशाला न्यायची पोरं? शाळा वर्गात भरते." मी म्हटलं, "दादा, अकरा वर्षांत तुमी किती वेळा आलात?" तो पाणी प्यायला बाहेर गेला.

अकराव्या दिवशी बाईंचा ताप उतरला. डॉक्टर मुलगी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, सुटलो. बाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने जरा वर केला. आवाज खोल गेलेला.

"कल्पना, बिब्बे आणलेस का गो?"

ताप यायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, घरातले बिब्बे संपले, बाजारात जाशील तेव्हा आण. मी आणले होते. माझ्याच पिशवीत, माझ्याच घरात खुंटीला टांगलेले होते. द्यायचे राहून गेले. बाईंच्या घरात बिब्बा नव्हताच. त्या लावणार कुठून? आणि मला हे माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. तरी त्या खुर्चीतल्या माणसासमोर मी छातीठोकपणे "बिब्बा" म्हणाले.

"आणलेत," मी म्हटलं. "घरी गेलो का देते."

"बरं," त्या म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. फुप्फुसांनी साथ सोडली, असं डॉक्टर म्हणाली. मला सगळं नीट समजावून सांगणारी तीच एक. तिचे उपकार मी मानते. बाकी कोणाचेही मानत नाही.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी नाक्यावर बोर्ड लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. बाईंचा फोटो कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे. त्यातला एकही वॉर्डात आला नव्हता. शोकसभेत जो तो म्हणाला, "निसर्गाच्या लेकीला निसर्गानंच नेलं." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रानाने नाही नेलं. एक माणूस खुर्चीतून उठला नाही आणि एक बाई विचार न करता बोलली, म्हणून त्या गेल्या. मी हे उभी राहून बोलले. मग मला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

आता पालक सांगतात, पोरांना माळावर न्यायचं नाही. मी नेते. नवीन सेविका येईस्तोवर अंगणवाडी माझ्याकडेच आहे, ज्याला पटत नाही त्याने येऊन खिचडी ढवळावी. गवतात बसू देत नाही. अंगभर कपडे घालायला लावते. परत आल्यावर हातपाय धुवायचे, कपडे झटकायचे आणि एकमेकांची काख, मान, कंबर पाहायची. काही काळं दिसलं की विचारायचं, लागताना कोणी पाहिलं? कोणी पाहिलं नसेल तर मला सांगायचं, आणि डॉक्टरला दाखवायचं.

तुमच्या घरात ताप आला तर तुम्हीही हेच करा. लाजू नका. डॉक्टर उठत नसेल तर त्याला उठवा. आणि आजारी माणसाच्या वतीने उत्तर देण्याआधी आपल्याला खरंच माहीत आहे का, ते स्वतःला विचारा.

परवा माळावरून आलो. पोरांची तपासणी झाली. धामण पाच वर्षांची आहे, भारी आगाऊ. ती मला म्हणाली, "आता तुमची."

"माझी नको. जा, पाणी पी."

"बाईंनी सांगितलंय, सगल्यांची."

बाईंनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं मीच. पण मी वाद घातला नाही, पाठमोरी बसले. तिने पदर बाजूला केला. खुंटीवरच्या त्या पिशवीतला एक बिब्बा मी चार दिवसांपूर्वी लावून घेतला होता. माझीही कंबर आता धरते.

"ह्यो काय?"

"बिब्बा."

"लावताना कोणी पायलं?"

घरात मी एकटीच होते. "कोणी नाय गो," मी म्हटलं आणि कंबर आणखी थोडी उघडी करून उजेडाकडे वळवली. ती वाकली आणि बराच वेळ नीट पाहत राहिली.