बाणांचा कागद

डॉक्टरांनी फाइलच्या मागे एक गोल काढला आणि त्याला बाण जोडत गेले. “पेशीला निरोप येतो, वाढ. मग दुसरा येतो, जागा सोड. थांब म्हणणारा निरोप मात्र ती ऐकतच नाही. म्हणून यांच्या स्तनातला कॅन्सर काखेपर्यंत पोचलाय.”

औषधांसाठी नंबर लावून मी थकून ते बाणच बघत बसलो. शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, “गाठ हाताला लागली कधी तुझ्या?”

“साखरपुड्याच्या सुमारास. म्हटलं, पोरीचं लग्न पार पडू दे.”

म्हणजे तेव्हा पेशी एकमेकींना निरोप धाडत होत्या, मी गावभर आमंत्रणं देत हिंडत होतो, आणि आम्ही दोघं रोज समोरासमोर जेवायला बसून, जिलबी ठेवायची की श्रीखंड, एवढंच बोलत होतो.