विरोधाच्या दारातले आमचे खासदार

दरवर्षी नेमाने, मन लावून हरणारा माणूस बघायचा असेल तर नॉटिंगहॅमला या आणि आमच्या खासदारांना भेटा. त्यांच्यासाठी मी एकदा देव पाण्यात ठेवले होते. माझ्या मूर्खपणांची यादी बरीच लांब आहे, पण हा त्यात फार वरचा. दरवर्षी पार्लमेंटात संरक्षणखर्चाचं विधेयक यायचं, एरवी भांडणारे पक्ष ते गळ्यात गळे घालून मंजूर करायचे आणि आमचे हे गृहस्थ विरोधाच्या दारातून जवळजवळ एकटेच बाहेर पडायचे. तिथे हात वर करत नाहीत, 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दारातून चालत जाऊन मत देतात. तेव्हा मी ताजी क्रांतिकारक होते. शांततेच्या मोर्चाला पैठणी नेसून गेले होते, यावरून काय ते ओळखा. मला वाटलं, माणूस खरा आहे, वरून जरा रेटा मिळाला की विधेयक कोसळेलच. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे पातेल्यात. संध्याकाळी निकाल ऐकून आमच्या यजमानांनी, डॉक्टरसाहेबांनी, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "अगं, हरले तुझे खासदार. त्या बाळकृष्णाला आता बाहेर काढ, न्यूमोनिया होईल."

हा माणूस मत मागायला दारात आला की आधी विरोधी उमेदवाराचं कौतुक करायचा. "मुलगा हुशार आहे, फक्त त्याला मत देऊ नका." आपल्या पक्षाने काय सांगितलंय ते बघून बाकीचे खासदार मत देत, हे मात्र अख्खं विधेयक बसमध्ये मांडीवर घेऊन वाचत आणि घरापासून दोन स्टॉप पुढे उतरत. एकदा आम्ही त्यांना गणपतीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुण्यांनी 'नमस्ते' म्हणावं, मोदक खावा, फोटो काढून घ्यावा, एवढीच अपेक्षा. त्यांनी पाणबुडीवर भाषण सुरू केलं. "एका पाणबुडीच्या खर्चात किती हॉस्पिटलं उभी राहतील, सांगा." हॉलमधले निम्मे डॉक्टर हिशेब करायला लागले, निम्मे गार होणाऱ्या वरणाकडे बघत बसले. शेवटी कमिटीच्या देशमुखांनी सरळ आरती सुरू केली. साहेब मनापासून टाळ्या वाजवत सामील झाले आणि आरती संपताच म्हणाले, "तर मी सांगत होतो..."

यंदा मात्र हसू आलं नाही. माझा धाकटा, निखिल, इथल्याच एका कारखान्यात रडारचं सॉफ्टवेअर करतो. विधेयक कधी नव्हे ते अडलं असतं तर त्याचं काम गेलं असतं. तिकडे पक्षाने खासदारांना बजावलं होतं, पुन्हा विरोध केलात तर पुढच्या निवडणुकीला तिकीट नाही. निखिल म्हणाला, "आई, तुझं ऐकतात ना ते? सांग त्यांना, एक वर्ष गप्प बसा. दोघांचंही बरं होईल."

ते चहाला आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "पोट बिघडलं म्हणून घरी राहा. मी मिरचीची भजी करते, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही." ते खूप हसले. मग नेहमीसारखा आपला कप आपणच विसळत माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "निखिलचं मला वाईट वाटतं, शोभा. पण मी ते वाचलंय. न वाचल्यासारखं कसं करू?"

विधेयक दणक्यात मंजूर झालं. ते त्याच दारातून बाहेर आले, आणि तिकीट गेलं. आमच्या हॉस्पिटलात म्हातारी माणसं अजून कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडलेली असतात, पाणबुड्या जिथे असायच्या तिथे असतात. त्या एका 'नाही'ने कशाचंही काही अडलं नाही. पुढच्या निवडणुकीनंतर ते 'नाही' म्हणायलाही कुणी नसेल. या वयात मला कशाची आशा वाटत नाही. देवही यंदा कोरडेच राहिले, कारण कुणाच्या बाजूने ठेवायचे तेच कळेना.

परवा केमिस्टच्या रांगेत खासदारसाहेब भेटले. मी खाली मान घालून औषधांची पिशवी चाचपत राहिले. त्यांनीच विचारलं, निखिलचं काम राहिलं का. मी मानेनेच हो म्हटलं. माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "मग ठीक आहे. मी हरलो म्हणून एका घरी तरी बरं झालं."