उकिरड्यावरचा दिवा

थांबा, हे मले आत्ताच सांगू द्या, हात मंग धुते! इथं अमरावतीत कुंडीसाठी शेणखताचं पोतं फोडलं, अन् त्या वासानं मी एकदम हिवरखेडले पोचली, लहानपणच्या दिवाळीत.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक दिवा उकिरड्यावरही ठेवतात. तो घेऊन निमा आत्या निघाली, मी तिच्या मांगं. आत्या पोलीस भरतीत दोनदा नापास झालती. बाबांनी सांगून टाकलं होतं, यंदा शेवटचं, नाही तं लग्न.

आई दारातून म्हणाली, "निमाबाई, बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस फिरतात. तुमचेही फिरतीन."

"बारा वर्षं कोण थांबते वयनी? तवरोक माये केस पिकतीन!" आत्या हसली, पण डोळे भरले होते.

दिवा बसवाले तिनं वरचा कचरा सारला, तशी आतून वाफ निघाली. मी ओरडली, "आत्या, आग लागली!"

"आग नोहे वं पोरी, खत शिजून राह्यलं. हात लाव."

म्यां हात घातला. बाप्पा! एवढ्या थंडीत ते जितं असल्यासारखं गरम होतं. वरून नुसता कचरा, अन् आत हे चालू! आत्यानंही बाजूले हात घातला, अन् मंगच दिवा ठेवला.

त्याच वर्षी ती भरती झाली, आता अकोल्यात हवालदार आहे. गाव म्हणालं, नशीब फिरलं. मले वाटते, म्हणीतल्या त्या बारा वर्षांत उकिरडा रिकामा बसतच नसन.

तुमच्याही हाताले एखादी म्हण अशी गरम गरम लागली का कधी?