दाजींची अक्कलदाढ

आमच्या दाजींइतका बोलणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. राहायला छावणीत, नोकरीला वाळूजच्या कारखान्यात. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी असते, आणि ‘लोक मान देतात मला’ असं त्याचं कारण ते स्वतःच सांगतात. एकदा चुकून फोन लागलेल्या पैठणच्या कुणा अनोळखी गृहस्थांशी ते पाऊण तास बोलले. पुढं त्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, आणि दाजी आहेर घेऊन गेलेसुद्धा. त्यांनी गरम चहा प्यालेला मी आजवर पाहिलेला नाही.

अशा माणसाची अक्कलदाढ आडवी उगवली. चार महिने त्यांनी लवंगेवर काढले. “अक्कलच काढून घेतल्यावर माणसानं कंपनीत काय तोंड दाखवायचं?” हा त्यांचा सवाल. शेवटी घास गिळवेना, तेव्हा आक्का आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. खुर्चीत आडवं होऊनही ते डॉक्टरीणबाईंना चितेगावच्या रस्त्याची हकिकत सांगत होते. ती अर्ध्यावर असतानाच जीभ बधिर झाली. दाढ निघाली, टाके पडले. कापसाचा बोळा दाताखाली देत बाई म्हणाल्या, “दोन दिवस एक शब्द बोलायचा नाही.” दाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दाढेची जागा तर अजून बधिरच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर घर ओळखू येईना. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर डुलत होतं, कूलर संथ घुमत होता, आणि दाजी सुजल्या गालाला बर्फ लावून डोळे मिटून बसले होते. आत आक्का मऊ भात घोटता घोटता गुणगुणत होती. दाजींनी वही ओढली आणि लिहिलं, ‘ही गाते?’ मी ते पान आक्काला नेऊन दाखवलं.

“बावीस वर्षं झाली गातीय,” ती हसून म्हणाली. “यांना आज ऐकू आलं व्हय?”

दाजींनी पुन्हा डोळे मिटले. मी निघालो तरी उघडले नाहीत.

आठवड्यानं टाके निघाले. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. तासाभराची तयारी ठेवून मी टेकून बसलो.

“ऐक,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी फोन स्वयंपाकघराकडं धरला असावा. लांबून आक्काचा आवाज आला, दोन ओळींचा. मग तिला चाहूल लागली असेल, ती थांबली. दाजींनी फोन ठेवला नाही, मीही नाही. ती पुन्हा कधी सुरू करते याची आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.