मुरूमवाले मामा

आमचे सासरे, म्हणजे मामा, कुठल्याही गावी गेले की आधी तिथली माती जिभेवर ठेवायचे, मग माणसांना रामराम घालायचे. नळदुर्गाजवळ माळावर त्यांची द्राक्षाची बाग होती. मला बघायला तेरला आले ते घरात न शिरता सरळ रानात गेले. माती चाखून थुंकले. "पोरगा बरा हाय. माती लई माजलेली."

लग्न झालं. तेव्हा निजामाचं राज्य. पाठवणीत मामांनी एक गाडी दिली, वर घोंगडी झाकलेली. नाक्यावर जमादारानं काठी खुपसून पाहिलं. "जहेज में मुरूम?"

"हौ साब," मामा म्हणाले. "बाकी सब दामाद के पास है."

मुरूम काय आमच्याकडं नव्हता? पण मामांच्या मते आमच्या मुरमाला वळण नव्हतं. काळ्या रानात खड्डा घेऊन त्यांनी आपला मुरूम भरला, भोकरी द्राक्षाची काडी लावली, आधाराला पांगारा. "काळी माती पाणी धरून बसती. आयतं मिळालं की वेल नुसता पाला काढती. दिवसा ऊन, रातच्याला गारठा, मुळाला कोरड, तवा गोडी उतरती. माणसाचं बी तसंच." मी तेव्हा बांधावर बसून चौथी भाकर मोडत होतो.

वेलीला फळ आलं. दरसाल शिमग्याच्या सुमाराला मामा चाखायला यायचे. "पाणचट. जावईबापू, ह्याच्यापरीस तुमच्या हिरीचं पाणी गोड." मग वेल सुधारायला म्हणून आठ दिवस राहायचे, म्हणजे ओसरीवर बसून लेकीच्या हातचं खायचे. निघताना बजावायचे, "माघात पाणी तोडा. गोडी आली की माझं काम सरलं. लेकीच्या घरी उगं येऊन बसणं बरं दिसत न्हाय."

मी पाणी तोडायचो, तरी द्राक्षं पाणचटच. एका माघात पहाटे बघतो तर बायको घागर घेऊन वेलीपाशी.

"अगं, मामांनी नको म्हटलंय."

"म्हणूनच घालते. तुमी गप ऱ्हावा."

राहिलो गप्प. ती जाऊन वर्ष होत आलं, आता सांगायला हरकत नाही.

त्या साली मामांनी बुडातली ओली माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि लेकीकडं पाहिलं. "औंदा हवाच खराब," म्हणाले. "फुडल्या साली यावं लागंल."

पुढं एका दिवाळीत मामा गेले. त्या माघात तिनं वेलीला थेंब घातला नाही. शिमग्याला द्राक्षं अशी उतरली की पोरं वेलीखालून हलेनात. तिनं सगळे घड गावात वाटले. मी एक मणी तिच्यापुढं धरला, तर न चाखताच तोंड फिरवून म्हणाली, "मला नको. लई गोड हायेत."