बसखालचे पाय

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी ब्रेकमावशीने शिकवली. सत्तावीस वर्षं ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसली. तिथे तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा, म्हणून हे नाव. मीही तिची विद्यार्थिनी. "तुला वृत्तं येतात, क्लच येत नाही," असं ती चारचौघांत सांगायची.

आता शिकणारे आटले. गाड्या आपल्या आपण चालणार म्हणे. महिनाअखेर तिच्या ड्रायव्हिंगच्या शाळेला कुलूप लागणार होतं. म्हणून मावशीने आमच्या कंपनीत अर्ज केला. चालक नसलेल्या गाडीत शेजारच्या सीटवर बसायचं आणि गाडी चुकली तर ब्रेक दाबायचा, असं काम.

त्याआधी चाळीस प्रश्नांचा कागद भरायचा होता. ते प्रश्न मी लिहिले होते. साहित्यात एम.ए. करून मला हीच नोकरी मिळाली. धडक आता टळत नाही, गाडीने कोणाला वाचवावं? म्हातारा की मूल? एक की तीन?

अर्ध्या तासात मावशीने कागद परत दिला. एकाही चौकटीत खूण नव्हती. प्रत्येक प्रश्नाखाली तेच एक वाक्य: 'त्याआधी गाडी किती वेगात होती?'

मी पेन पुन्हा तिच्यापुढे धरलं. "मावशी, अगं खुणा कर. नोकरी जाईल हातची."

"तू गोष्ट शेवटच्या पानापासून लिहितेस, त्याला मी काय करू?"

शेजारी उभा असलेला आमचा इंजिनिअर हसला. "चला मावशी, गाडीच दाखवतो."

मावशी पुढे बसली, आम्ही दोघं मागे. चालकाची सीट रिकामी. स्टिअरिंग आपोआप फिरत होतं. पुढे थांब्यावर बस उभी होती. आमची गाडी नियमात राहून, आहे त्याच वेगाने तिच्या बाजूने निघाली. मावशीने करकचून ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"कोणी नव्हतं तिथे!" इंजिनिअर ओरडला.

"नव्हतं हे तुझ्या गाडीला ठाऊक होतं?"

"नाही. बसच्या आडचं दिसत नाही."

"मग? बसखाली बघायचं. पाय दिसतात. नाही दिसले तरी हळूच जायचं."

तो हटेना. "बरं, हळू होती. पण ब्रेकच निकामी झाला. समोर माणूस, बाजूला भिंत."

"भिंत."

"आत तुम्ही आहात."

"एवढं लोखंड घेऊन रस्त्यावर मी आले. तो नुसत्या चपला घालून आलाय."

"आणि आत तुमची मुलगी असेल तर?"

मावशीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तर मी त्या माणसाला उडवीन," ती म्हणाली. "म्हणून तो कागद मला द्यायचा नाही. तूही भरायचा नाहीस. तुलाही घरी कोणी असेलच. त्या चपलावाल्याला विचारा."

माझ्या चाळीसही प्रश्नांत आम्ही गाडीच्या आत बसलो होतो.

इंजिनिअरने माझ्याकडून तिचा कागद घेतला, वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला.

"परत त्या थांब्यावरून जाऊ. वेग किती ठेवू?"

"पंधरा. आणि हे पेडल उद्या जरा जवळ घे. रोज बसायचं तर गुडघा दुखेल."

नोकरी दिली, असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.